डिटेक्टिव्ह सिनेमाला सलाम ठीक, पण प्रेम कुठून आणायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही एक छोटी मराठी प्रेमविनोदी फिल्म लिहिताय, तिने चाळीसच्या दशकातल्या अमेरिकन डिटेक्टिव्ह सिनेमांना सलाम करावा अशी इच्छा आहे. ‘डेड मेन डोन्ट वेअर प्लेड’ पाहिल्यापासून आपणही जुन्या सिनेमांचे तुकडे वापरावेत असं डोक्यात बसलंय. त्यांनी ते तुकडे कसे जोडले, आपल्याला ते परवडेल का, आणि सगळी भानगड शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नकलेसारखी दिसू नये म्हणून काय करायचं?

मी संकलक आहे, त्यामुळे माझं उत्तर कात्रीच्या बाजूनेच येणार. तुकडे जोडण्याची करामत त्या सिनेमात विलक्षण आहे, पण तुमच्यासाठी ती दुय्यम आहे. तुमची खरी अडचण प्रेमाची आहे, आणि त्या सिनेमाकडून शिकण्यासारखं जास्त तिथेच आहे.

आधी करामत. सिनेमा 1982चा, युनिव्हर्सलचा. दिग्दर्शक कार्ल रायनर. लेखन रायनर, जॉर्ज गाइप आणि स्टीव्ह मार्टिन या तिघांचं. रिग्बी रीअर्डन (स्टीव्ह मार्टिन) नावाच्या खासगी गुप्तहेराकडे ज्युलिएट फॉरेस्ट येते. तिचे वडील शास्त्रज्ञ, शिवाय चीज बनवण्यात तरबेज. त्यांचा मोटार अपघातात मृत्यू झालाय आणि तो अपघात नव्हता असा तिला संशय आहे. मग ‘कार्लोटाचे मित्र’ आणि ‘कार्लोटाचे शत्रू’ अशा दोन याद्या सापडतात आणि रिग्बी एकेका नावाच्या मागे लागतो. ती माणसं म्हणजे हम्फ्री बोगार्ट, बार्बरा स्टॅनविक, इन्ग्रिड बर्गमन, कॅरी ग्रँट, बर्ट लँकास्टर, एव्हा गार्डनर, जेम्स कॅग्नी. सगळी 1941 ते 1950 या काळातल्या एकोणीस सिनेमांतून उचललेली, म्हणजे त्यांचे जुने शॉट्स आणि मार्टिनचे नवे शॉट्स एकमेकांना जोडलेले.

आता संकलनाच्या टेबलावर बसून विचार करा. बोगार्टचं वाक्य ठरलेलं आहे, त्याची नजर ठरलेली आहे, दिवा कुठल्या बाजूने आहे तेही ठरलेलं. तुमच्या हातात फक्त समोरचा माणूस. म्हणजे पटकथा नेहमीच्या दिशेने लिहिताच येत नाही. लेखकांनी जुन्या सिनेमांतून सोयीचे शॉट्स आणि संदर्भातून सुटून येतील अशी वाक्यं वेचली, ती पुढे-मागे लावून पाहिली आणि मधल्या फटीत गोष्ट लिहिली. उत्तरं आधी मिळाली, प्रश्न नंतर. कथा इतकी वेडीवाकडी का पळते याचं कारण हेच. जे वाक्य मिळालं त्याच्या मागे कथेला जावं लागलं.

सोयीचा शॉट म्हणजे काय? एक तर स्वच्छ सिंगल, ज्यात माणूस एकटाच आहे आणि फ्रेमबाहेर कुणाकडे तरी बघतोय. दुसरा, खांद्यावरून घेतलेला, ज्यात समोरच्याची फक्त पाठ आणि डोक्याची मागची बाजू दिसते. तिसरा, सगळ्यांत स्वस्त, टेलिफोन. ‘सॉरी, राँग नंबर’मध्ये स्टॅनविक जवळजवळ सगळा सिनेमा अंथरुणातून फोनवरच बोलते, अशा बाईला कुठल्याही दुसऱ्या सिनेमातून फोन लावता येतो. फोनला भूगोल लागत नाही.

दुसऱ्या प्रकारात मात्र खरी गंमत आहे. खांद्यावरून घेतलेल्या शॉटमध्ये जी पाठ दिसते, ती उलट बाजूच्या नव्या शॉटमध्ये स्टीव्ह मार्टिनची असायला हवी. म्हणजे त्याच्या अंगावर तोच कोट, तेच खांदे, तेच केस. आता ‘डबल इन्डेम्निटी’मधला फ्रेड मॅकमरे हवाय, पण तो ज्या व्यक्तीशी बोलतोय ती सोनेरी केसांची स्टॅनविक. मग काय करणार? रिग्बीलाच सोनेरी टोप घालून बाई व्हावं लागतं. ‘व्हाइट हीट’मधला कॅग्नी तुरुंगात भेटायला आलेल्या आईशी बोलतो, मग रिग्बी म्हातारी आई होऊन भेटीला जातो. हे विनोद कुणाला बसल्याबसल्या सुचलेले वाटत नाहीत, कारण ते जुळवाजुळवीच्या गरजेतून आले आहेत. म्हणूनच त्यात ओढूनताणून आणल्याचा वास नाही. तुकडे न वापरताही हे तुम्हाला घेता येईल: स्वतःवर एक कडक बंधन घाला आणि विनोद त्या बंधनातून येऊ द्या.

या कामाला माणसं कोण होती तेही बघा. वेशभूषा ईडिथ हेडची. ‘डबल इन्डेम्निटी’ आणि ‘नटोरियस’चे मूळ कपडेही तिनेच केले होते, म्हणजे जवळजवळ चार दशकांनी ती स्वतःच्याच शिवणीची जोडी शिवत होती. हा तिचा शेवटचा सिनेमा; प्रदर्शनाआधीच, ऑक्टोबर 1981मध्ये ती गेली. संगीत मिक्लोश रोझाचं. ‘डबल इन्डेम्निटी’, ‘द लॉस्ट वीकेंड’, ‘द किलर्स’ आणि ‘द ब्राइब’ या चारही सिनेमांचं संगीत त्याचं आणि चारांतलेही तुकडे इथे आहेत. सिनेमासाठी त्याने केलेलं हे शेवटचं काम. छायाचित्रण मायकेल चॅपमनचं, जो नुकताच ‘रेजिंग बुल’ कृष्णधवल करून आला होता. संकलक बड मोलिन. यांतल्या कुणीही हे विनोदी सिनेमाचं काम म्हणून हलक्या हाताने केलेलं नाही. रोझाचं संगीत कुठेही डोळा मारत नाही. ते 1946 सालच्यासारखंच गंभीरपणे धोक्याची सूचना देत राहतं. आपल्याकडे विनोदी प्रसंग आला की लगेच खालून टुणटुण वाजायला लागतं. तुमच्या संगीतकाराला पहिल्याच बैठकीत ही एक गोष्ट सांगून ठेवा.

आता प्रेम. तो सिनेमा आवाज बंद करून बघा. रिग्बी बोगार्टला भेटतो, बर्गमनला भेटतो, एव्हा गार्डनरला भेटतो, पण तो आणि समोरचा माणूस एका फ्रेममध्ये चेहऱ्यासकट जवळपास कधीच नसतात. कट, हा चेहरा. कट, तो चेहरा. हे तंत्रामुळे झालंय, पण त्याचा परिणाम भावनेवर होतो. हा माणूस शहरभर फिरतो, सगळ्यांशी बोलतो, आणि खरं तर कुणाबरोबरच नसतो. लँकास्टरचा प्रसंग आठवा. ‘द किलर्स’मध्ये तो अंधाऱ्या खोलीत पलंगावर पडून स्वतःच्या मारेकऱ्यांची वाट बघतो, त्या काळातल्या सगळ्यांत खिन्न प्रसंगांपैकी एक. इथे रिग्बी त्याच्यासाठी शेजारी कॉफी करायला घेतो, आणि कॉफीत पावडर ओततच राहतो. आपण हसतो, पण त्या दोघांच्या मधली भिंत कधी हलत नाही.

आणि मग रेचल वॉर्डची ज्युलिएट येते. ती एकटीच अशी आहे जिला रिग्बी हात लावू शकतो, आणि जी त्याच्या खांद्यातली गोळी तोंडाने ओढून काढू शकते. दोघं एकाच प्रकाशात, एकाच फ्रेममध्ये, मध्ये कट नाही. बाकी सगळा सिनेमा सिंगल शॉट्सचा बनलेला असल्यामुळे दोघांचा साधा टू-शॉटसुद्धा जवळिकीचा वाटतो. रायनरने हे जाणूनबुजून केलं की आपोआप घडलं, याने मला फरक पडत नाही. तुम्ही मात्र जाणूनबुजून करा. तपासाचे सगळे प्रसंग सिंगलमध्ये तोडून घ्या. नायक-नायिकेचे प्रसंग एकत्र, लांब, न कापता ठेवा. प्रेक्षकाला कारण कळणार नाही, पण ती आली की त्याला बरं वाटेल. प्रेमकथेत संकलकाचं अर्धं काम एवढंच असतं की कात्री खाली ठेवायची.

दुसरी गोष्ट पटकथेची. रिग्बीचे वडील घरातल्या मोलकरणीबरोबर पळून गेलेले असतात. त्यामुळे ‘सफाईवाली’ हा शब्द कानावर पडला की तो पिसाळतो, समोर असेल त्याचा गळा धरतो. सुरुवातीला हा निव्वळ वेडपट विनोद वाटतो. शेवटी नाझी खलनायकाने रिग्बीला जखडून टाकलंय, आणि ज्युलिएट बोलता बोलता त्या खलनायकाच्याच तोंडून तो शब्द वदवून घेते. रिग्बी खवळतो आणि सुटतो. प्रेमविनोदी पटकथा शिकवायची झाली तर मी हा प्रसंग दाखवेन. त्याची सगळ्यांत लाजिरवाणी दुखरी जागा तिला माहीत आहे आणि ती नेमक्या क्षणी त्याच्या भल्यासाठी वापरते. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं म्हणायची गरजच उरत नाही. तुमच्या कथेत नायिकेला नायकाबद्दल असं काय ठाऊक आहे जे खलनायकाला ठाऊक नाही? याचं उत्तर लिहून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तुमच्या प्रश्नात एक गृहीतक दिसलं: डिटेक्टिव्ह सिनेमा मुळात कोरडा, आणि प्रेम आपण वरून घालणार. तसं नाहीये. 1934च्या ‘द थिन मॅन’मध्ये विल्यम पॉवेल आणि मर्ना लॉय हे नवराबायको मद्याच्या पेल्यावरून एकमेकांना टोमणे मारत खुनाचा छडा लावतात. ती जोडी लोकांना इतकी आवडली की 1947पर्यंत सहा सिनेमे निघाले. त्यांतला खुनी कोण हे आज विचारलं तर मला सांगता येणार नाही, टोमणे आठवतात.

याहून बोलकं उदाहरण हॉवर्ड हॉक्सच्या ‘द बिग स्लीप’चं. सिनेमा 1945मध्येच तयार होऊन परदेशातल्या अमेरिकन सैनिकांना दाखवलाही गेला होता. दरम्यान बोगार्ट आणि लॉरेन बकॉल यांचं लग्न झालं, दोघांची जोडी म्हणजे चलनी नाणं ठरलं, आणि बकॉलची भूमिका सुधारा असा आग्रह स्टुडिओकडे झाला. 1946च्या सुरुवातीला नवे प्रसंग चित्रित झाले. त्यांतला एक म्हणजे रेस्टॉरंटमध्ये बसून दोघं घोड्यांच्या शर्यतीबद्दल बोलतात तो. घोड्याचं निमित्त, बोलणं दुसऱ्याच गोष्टीचं. या नव्या प्रसंगांना जागा करताना जे गेलं त्यात सरकारी वकिलाच्या, म्हणजे डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नीच्या कचेरीतला, आतापर्यंत काय काय घडलं याचा हिशेब मांडणारा लांबलचक प्रसंग होता. म्हणजे कथेचा खुलासा कापला आणि प्रेम ठेवलं. दोन्ही आवृत्त्या आज बघायला मिळतात. तुम्ही लागोपाठ बघा. पहिली जास्त समजते, दुसरी जास्त आवडते.

घोड्यांचं निमित्त का लागलं, तर सेन्सॉरशिपमुळे. 1934पासून हॉलिवूडमध्ये प्रॉडक्शन कोड, म्हणजे पडद्यावर काय चालेल आणि काय नाही याची नियमावली, कडकपणे लागू झाला, आणि शरीराबद्दल सरळ बोलायची सोय संपली. म्हणून ती माणसं इतकी तिरकी, चटपटीत बोलतात. सलाम करायचा तर हॅट, सिगरेट आणि पट्ट्यापट्ट्यांच्या पडद्याची भिंतीवरची सावली यांच्याआधी ही तिरकी भाषा उचला. तुमच्या नायक-नायिकेला एखादा नीरस विषय द्या, सोसायटीचा मेंटेनन्स म्हणा किंवा पार्किंगची जागा, आणि सगळं प्रेम त्या आडून बोलू द्या.

अभिनयाबद्दल थोडक्यात. स्टीव्ह मार्टिनने या भूमिकेआधी जुने डिटेक्टिव्ह सिनेमे मुद्दाम पाहिले नव्हते, बोगार्टची नक्कल होऊ नये म्हणून. तुमच्या नटाला हेच करू द्या. संदर्भ दिग्दर्शकाला, छायाचित्रकाराला आणि संकलकाला माहीत असले की पुरे. नायकाला आपण विनोदी सिनेमात आहोत याचा पत्ता नसावा. वेगही सांभाळा: जुने सिनेमे बोलण्यात भयंकर वेगवान असतात, आणि त्यांना सलाम करणारे बहुतेक सिनेमे हशा यावा म्हणून प्रत्येक वाक्यानंतर थांबतात. रफ कटमध्ये, म्हणजे पहिल्या कच्च्या जोडणीत, ते थांबे मी आधी उडवतो. दिग्दर्शक हळहळतात, मग विसरतात.

त्या सिनेमातलं सगळंच उचलावं असं नाही. ज्युलिएट बेशुद्ध पडलेली असताना रिग्बी तिच्या छातीला हात लावतो आणि वर सारवासारव करतो, तो विनोद आज बघवत नाही. खरं तर तेव्हाही तो आळशी होता. मधला भागही रेंगाळतो. पुढच्या तुकड्यापर्यंत पोचण्यासाठीच प्रसंग लिहिलाय हे तिथे उघड दिसतं. दुसऱ्याच्या खजिन्यावर गोष्ट उभी केली की ही किंमत मोजावी लागते.

आता तुकडे वापरण्याचा व्यवहार. युनिव्हर्सलला एक मोठी सोय होती: तिची मूळ कंपनी एमसीएने 1958मध्येच पॅरामाउंटचे जुने बोलपट विकत घेतले होते. त्यामुळे ‘डबल इन्डेम्निटी’, ‘द लॉस्ट वीकेंड’, ‘द ग्लास की’, ‘धिस गन फॉर हायर’ हे घरचेच होते. ‘द किलर्स’ तर मुळातच युनिव्हर्सलचा. बाकीच्यांसाठी इतरांची दारं ठोठवावी लागली, पण पाया घरात होता. तुमच्या घरात असं काही नाही.

भारतीय कायद्यात, म्हणजे 1957च्या कॉपीराइट कायद्यात, सिनेमाचं संरक्षण प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं असतं. हिशेबाने पन्नासच्या दशकातले हिंदी-मराठी सिनेमे त्यातून बाहेर पडलेले आहेत. पण इथे बरेच जण फसतात. सिनेमा मोकळा झाला म्हणजे त्यातलं गाणं मोकळं झालं असं नाही. शब्द, चाल आणि मूळ कथा यांचे हक्क वेगळे, आणि ते लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतात. तेव्हा घ्यायचाच असेल तर गाणं नसलेला, पार्श्वसंगीत नसलेला तुकडा घ्या. संकलनालाही तोच सोयीचा, कारण संवादाखाली वाजणारं संगीत कट झालं की प्रेक्षकाच्या कानाला लगेच ठेच लागते. अमेरिकन सिनेमांचं गणित आणखी वेगळं आहे: चाळीसच्या दशकातल्या, हक्काचं नूतनीकरण झालेल्या सिनेमांना तिथे पंचाण्णव वर्षं संरक्षण आहे, म्हणजे 1941चा सिनेमा 2036च्या अखेरपर्यंत बंद. तुमची फिल्म आंतरराष्ट्रीय प्लॅटफॉर्मवर किंवा अमेरिकेतल्या महोत्सवात जाणार असेल तर तो हिशेब तुम्हाला लागू होतो. एक अक्षर लिहिण्याआधी या विषयातल्या वकिलाला भेटा. त्याची फी पुन्हा शूट करण्यापेक्षा कमीच असते.

परवानगी मिळालीच तर तांत्रिक बाजू. जुनी फ्रेम जवळजवळ चौकोनी, 1.37 गुणोत्तराची. ती रुंद फ्रेममध्ये बसवायला गेलात की हॅट किंवा हनुवटी यांपैकी एक कापली जाते. त्यापेक्षा अख्खी फिल्मच 1.37मध्ये करा. प्रकाश कडक ठेवा, फ्रेनेल दिवे (पुढे भिंग असलेले जुन्या पद्धतीचे स्टुडिओ दिवे) भाड्याने आणा. मऊ एलईडी पॅनेलने केलेलं कृष्णधवल मोबाइलच्या फिल्टरसारखं दिसतं. नजरेचा कोन शूटच्या वेळीच जुळवा: जुना शॉट सेटवर मॉनिटरवर चालू ठेवा आणि नटाने नेमकं कुठे बघायचं तिथे स्टँडवर टेपचा तुकडा लावा. डोळे इंचभर चुकले तर टेबलावर काही करता येत नाही. आवाज मात्र नंतर जुळवता येतो. जुन्या ऑप्टिकल ट्रॅकला, म्हणजे फिल्मच्या पट्टीवरच छापलेल्या आवाजाला, वरचे आणि खालचे स्वर जवळपास नसतात, बारीक खरखर असते. नव्या संवादाची वरची-खालची टोकं छाटा आणि तीच खरखर संपूर्ण प्रसंगाखाली सलग पसरा, प्रत्येक कटला चालू-बंद होऊ देऊ नका.

पण मला विचाराल तर या फिल्मपुरते तुकडे विसरा. तुम्हाला मराठीत करायचंय, आणि मराठीत या जगाची स्वतःची भाषा आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांवर पिढ्या वाढल्या. त्या पुस्तकांतलं निवेदन वाचा, त्याची घाई, त्याची नाट्यमय वाक्यं. तुमच्या नायकाच्या मनातला आवाज तिथून येऊ द्या. पडद्यावर तो आवाज म्हणतोय की या बाईपासून चार हात दूर राहिलेलं बरं, आणि चित्रात तो तिच्यासाठी पोह्यांची प्लेट घेऊन जिना चढतोय. असा प्रसंग मला कापायला आवडेल. लिहून झाला की रफ कटच्या आधीच कुणातरी संकलकाला वाचायला द्या, आणि त्याला एकच विचारा: यातल्या कुठल्या जागी तू कट करणार नाहीस?